गतिक संपीडन गुणोत्तर

गतिक संपीडन गुणोत्तर : चार धावांच्या अंतर्ज्वलन-एंजिनात प्रवेश झडप पूर्णपणे मिटते त्या क्षणी सिलिंडरात दट्ट्याच्या वर जेवढे घनफळ असते, त्यास दट्ट्या सर्वांत वरच्या स्थानी पोहोचल्यावर उरणाऱ्या घनफळाने भागले असता जो अंक येतो, त्यास गतिक संपीडन गुणोत्तर म्हणतात. एंजिनाच्या माहितीपत्रकात दिलेले संपीडन गुणोत्तर याहून निराळे असते. ते दट्ट्याच्या संपूर्ण धावेवरून काढलेले असून झडपा केव्हा उघडतात वा मिटतात याचा त्यात विचार नसतो. म्हणून त्यास स्थितिक संपीडन गुणोत्तर म्हणतात. एकाच एंजिनात निराळा कॅम दंड बसविला, तर स्थितिक गुणोत्तर तसेच राहते. गतिक गुणोत्तर मात्र बदलते. शर्यतीच्या किंवा वाढीव शक्तीच्या एंजिनासाठी कॅम दंड निवडताना या दुसऱ्या गुणोत्तराचे गणित आधी करणे आवश्यक असते. ते न केल्यास एक तर मिश्रणाचा आपोआप भडका उडून दट्ट्ये निकामी होतात, नाही तर बराच खर्च होऊनही एंजिन पूर्वीपेक्षा मंद होते. [→ अंतर्ज्वलन-एंजिन].

मूलभूत संज्ञा : भुजादंडाच्या (क्रँकशाफ्टच्या) फिरण्यामुळे दट्ट्या सिलिंडरात वरखाली होतो. त्याच्या हालचालीच्या वरच्या टोकास वरचा मृतबिंदू व खालच्या टोकास खालचा मृतबिंदू म्हणतात. या दोहोंमधील अंतर ही धाव होय. एका धावेत दट्ट्या जेवढे घनफळ व्यापतो ते धावघनफळ आणि दट्ट्या वरच्या मृतबिंदूशी असताना त्याच्या वर उरते ते शेषघनफळ. धावघनफळ व शेषघनफळ यांच्या बेरजेस शेषघनफळाने भागले म्हणजे स्थितिक संपीडन गुणोत्तर मिळते. कॅम दंड भुजादंडाच्या निम्म्या वेगाने फिरतो व त्यावरील उंचवटे म्हणजे कॅम झडपा उघडतात. झडपांच्या वेळा मात्र भुजादंडाच्या अंशांतच सांगण्याची प्रथा आहे आणि पुढे झडपांच्या वेळांचे कोन त्याच मापाने दिले आहेत.

प्रवेश झडप उशिरा मिटण्याचे कारण : चोषण धाव खालच्या मृतबिंदूशी संपते. तेथेच प्रवेश झडप मिटावी, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु कोणत्याही वेगवान एंजिनात तसे करीत नाहीत. दर मिनिटास ६,००० फेऱ्यांच्या वेगाने एका धावेस केवळ पाच सहस्रांश सेकंद मिळतो. एवढ्या अवधीत प्रवेशनळीतील वायुस्तंभास गती येते आणि दट्ट्या खाली थांबून परत वर निघाला, तरी निरूढीमुळे हा स्तंभ सिलिंडरात शिरतच राहतो. या प्रवाहाचा लाभ घेण्यासाठी झडप खालच्या मृतबिंदूनंतर ५०° ते ८०° पर्यंत उघडी ठेवतात. खालच्या मृतबिंदूच्या आसपास दट्ट्या फार सावकाश सरकत असल्यामुळे आरंभीच्या अंशांत त्याची वर येण्याची हानीही थोडी असते.

हा लाभ वेग जास्त असतानाच मिळतो. दर मिनिटास १,००० फेऱ्यांच्या वेगाने तीच धाव ३० सहस्रांश सेकंद चालते, वायुस्तंभाचा वेग मंद असतो आणि वर येणारा दट्ट्या आत घेतलेल्या मिश्रणाचा काही भाग उघड्या झडपेतून प्रवेशनळीत परत ढकलतो. खरे संपीडन झडप मिटल्यानंतरच सुरू होते. म्हणून मंद वेगाच्या दृष्टीने पाहता उशिरा मिटणारी झडप असलेल्या एंजिनाची संपीडन धाव आखूड झालेली असते. गतिक गुणोत्तर ही या आखूड झालेल्या धावेची मोजणी आहे.

गणनेची रीत : गणनेस पाच राशी लागतात : सिलिंडराचा व्यास, धाव, संयोगदांड्याची लांबी, शेषघनफळ आणि प्रवेश झडप मिटण्याचा कोन. हा कोन खालच्या मृतबिंदूपासून पुढे मोजतात. भुजेची लांबी म्हणजे धावेचा अर्धा भाग भ, संयोगदांड्याच्या दोन छिद्रांच्या मध्यांतील अंतर ल आणि झडप मिटण्याचा कोन क मानल्यास, झडप मिटते त्या वेळी दट्ट्याचे वरच्या मृतबिंदूपासूनचे अंतर अ पुढील सूत्राने मिळते :

अ = भ (१ + कोज्या क) + ल − √(ल² − भ² ज्या² क)

हे अंतर म्हणजे धावेचा उरलेला, प्रत्यक्ष संपीडनाच्या कामी येणारा भाग होय. त्यास सिलिंडराच्या छेदाच्या क्षेत्रफळाने गुणले म्हणजे परिणामी धावघनफळ मिळते. त्यात शेषघनफळ मिळवून आलेल्या बेरजेस शेषघनफळाने भागले की गतिक गुणोत्तर येते. सूत्रात संयोगदांड्याची लांबी असली, तरी तिचा प्रभाव अल्प असतो. पुढील उदाहरणात १४४·८ मिमी. ऐवजी १५२·४ मिमी. लांबीचा दांडा घेतल्यास ८·२८ हे गुणोत्तर ८·२५ होते, इतकेच.

शेषघनफळ हे चार भागांचे बनलेले असते : सिलिंडर शीर्षातील ज्वलनकक्ष, गॅस्केटच्या जाडीमुळे राहणारी पोकळी, वरच्या मृतबिंदूशी दट्ट्याचा माथा सिलिंडराच्या कडेपेक्षा खाली राहिल्यास तेथील पोकळी आणि दट्ट्याच्या माथ्यावरील झडपांच्या खाचा. दट्ट्याचा माथा उंचवट्याचा असल्यास उंचवट्याचे घनफळ वजा करावे लागते. ज्वलनकक्षाचे घनफळ छापील माहितीवरून न घेता प्रत्यक्ष मोजणे इष्ट असते. त्यासाठी झडपा व स्पार्क प्लग बसवून शीर्ष उलटे ठेवतात, कक्षावर छिद्र असलेली पारदर्शक पट्टी ग्रीज लावून चिकटवितात आणि मोजनळीतून रंगीत द्रव सोडून कक्ष भरण्यास तो किती लागला हे पाहतात. एकाच शीर्षातील कक्षांतही एक-दोन घ. सेंमी. चा फरक आढळतो.

उदाहरण : अमेरिकेतील शेव्हरोले कंपनीचे ३५० घन इंचांचे आठ सिलिंडरांचे व्ही-रचनेचे एंजिन १९६७ मध्ये प्रचारात आले. वाढीव शक्तीसाठी सर्वाधिक वापरल्या गेलेल्या एंजिनांत त्याची गणना होते. त्याचा सिलिंडर व्यास १०१·६ मिमी., धाव ८८·४ मिमी. व संयोगदांड्याची लांबी १४४·८ मिमी. असते. त्यावरून छेदाचे क्षेत्रफळ ८१·०७ चौ. सेंमी. आणि एका सिलिंडराचे धावघनफळ ७१६·७ घ. सेंमी. येते. ज्वलनकक्ष ६४ घ. सेंमी., १ मिमी. जाडीच्या व १०४ मिमी. छिद्राच्या गॅस्केटमधील पोकळी ८·५ घ. सेंमी., दट्ट्या कडेपासून ०·२५ मिमी. खाली राहत असल्यास तेथील पोकळी २ घ. सेंमी. आणि झडपांच्या खाचा ५·१ घ. सेंमी. धरल्या, तर शेषघनफळ ७९·६ घ. सेंमी. होते. ७९६·३ ला ७९·६ ने भागल्यावर स्थितिक गुणोत्तर १० येते.

आता प्रवेश झडप खालच्या मृतबिंदूनंतर ६०° वर मिटते असे मानू. भ = ४४·२ मिमी. घेतल्यास सूत्रातील पहिले पद ६६·३० मिमी. आणि उरलेल्या पदांची वजाबाकी ५·१५ मिमी. येते; म्हणून अ = ७१·४५ मिमी. परिणामी धावघनफळ ५७९·३ घ. सेंमी. व गतिक गुणोत्तर ६५८·९ भागिले ७९·६, म्हणजे ८·२८ होते. हेच एंजिन व हेच शेषघनफळ ठेवून निरनिराळे कॅम दंड बसविल्यास काय होते, हे कोष्टकात दिले आहे. चारही दंडांचा प्रवेश कॅमचा मध्य वरच्या मृतबिंदूनंतर १०६° वर धरला आहे. शेवटच्या स्तंभात, तो कॅम दंड बसवून गतिक गुणोत्तर ८·३ राखावयाचे झाल्यास स्थितिक गुणोत्तर किती करावे लागेल, हे दाखविले आहे.

कोष्टक : कॅम दंडानुसार गतिक संपीडन गुणोत्तर (स्थितिक गुणोत्तर १०)

| प्रवेश झडप उघडी राहण्याचा काल (अंश) | झडप मिटण्याचा कोन (अंश) | उरलेली धाव (मिमी.) | गतिक गुणोत्तर | ८·३ साठी लागणारे स्थितिक गुणोत्तर |
|---|---|---|---|---|
| २४८ | ५० | ७६·६ | ८·८० | ९·४ |
| २६८ | ६० | ७१·५ | ८·२८ | १०·० |
| २८८ | ७० | ६५·४ | ७·६६ | १०·९ |
| ३०८ | ८० | ५८·६ | ६·९७ | १२·० |

कोष्टकावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. झडप जसजशी उशिरा मिटावी तसतसा प्रत्येक जादा अंश अधिक महाग पडतो. खालच्या मृतबिंदूनंतरच्या पहिल्या २०° मध्ये दट्ट्या केवळ सु. २ मिमी. वर येतो, तर ६०° ते ८०° या तेवढ्याच कोनात तो सु. १३ मिमी. चढतो. दुसरे असे की, दीर्घकाल उघडणाऱ्या कॅम दंडास उच्च स्थितिक गुणोत्तराची जोड द्यावीच लागते. ३०८° चा दंड व १० गुणोत्तर यांची जोडी दुर्बल ठरते. १२ गुणोत्तर व २४८° चा दंड ही जोडी पंपावरील पेट्रोलवर टिकणार नाही. प्रत्येक घटक स्वतंत्रपणे उत्तम असूनही जोडी चुकल्यास एंजिन बिघडते.

झडप मिटण्याचा कोन : गणनेत सर्वाधिक चुका याच राशीबाबत होतात. कॅम दंडासोबत मिळणाऱ्या पत्रकात हा कोन दिलेला असतो. तो नसल्यास उघड्या कालाच्या निम्म्यात प्रवेश कॅमचा मध्यकोन मिळवून बेरजेतून १८०° वजा करतात. उदा., २६८° चा दंड १०६° मध्यावर बसविल्यास १३४ + १०६ − १८० = ६०° हा कोन मिळतो. दंड साखळीच्या चाकावर ४° मागे बसविला, तर झडप ६४° वर मिटते व उदाहरणातील गुणोत्तर ८·२८ वरून ८·०४ वर उतरते. ४° पुढे बसविल्यास ते तितक्याच प्रमाणात चढते. म्हणून बसविल्यावर अंशचक्र व दर्शक मापक यांच्या साहाय्याने प्रत्यक्ष कोन तपासून घ्यावा लागतो.

उघडा काल कोणत्या उचलीपासून मोजला आहे हे पाहणे त्याहून महत्त्वाचे आहे. अमेरिकी उत्पादक एकाच दंडाचे दोन आकडे देतात. एक टॅपेटच्या सु. ०·१५ मिमी. (०·००६ इंच) उचलीपासून मोजलेला असतो. दुसरा १·२७ मिमी. (०·०५० इंच) उचलीपासून मोजलेला असून तो निरनिराळ्या उत्पादकांच्या दंडांची तुलना करण्यास सोयीचा असतो. पहिल्या मापाने २६८° असलेला दंड दुसऱ्या मापाने सु. २१८° भरतो. १·२७ मिमी. उचल असताना झडप बैठकीवर टेकलेली नसते व मिश्रण बाहेर जातच असते. तेव्हा गतिक गुणोत्तरासाठी हे माप निरुपयोगी ठरते. तरीही ते वापरल्यास मिटण्याचा कोन ३५° व गुणोत्तर ९·४२ येते. अशा उत्तरावर विसंबणारा निष्कारण मोठा दंड निवडतो किंवा ज्वलनकक्ष मोठा करून बसतो. दृढ टॅपेटच्या दंडाबाबत झडपेतील ठेवलेली फट लक्षात घ्यावी लागते. कारण फटीमुळे झडप पत्रकातील कोनापेक्षा थोडी आधी मिटते.

संपीडनाच्या शेवटचा दाब : गुणोत्तर हा केवळ घनफळांचा भागाकार आहे, इंधनास जाणवतो तो दाब व तापमान. संपीडनाच्या शेवटचा निरपेक्ष दाब हा आरंभीच्या दाबास गुणोत्तराच्या विशिष्ट घाताने गुणून मिळतो. उष्णता मुळीच न गमावता हवेचे संपीडन झाल्यास हा घातांक १·४ असतो. प्रत्यक्षात सिलिंडराच्या भिंतींकडे जाणारी उष्णता व कड्यांमधील गळती यांमुळे, सुरुवातीच्या यंत्राने एंजिन फिरविताना, तो १·२ ते १·३ च्या आसपास राहतो. १·२५ हा घातांक घेतल्यास १० गुणोत्तरास दाब सु. १७·८ वातावरणे, ८·२८ ला १४ वातावरणे आणि ६·९७ ला ११·३ वातावरणे येतो. एकाच स्थितिक गुणोत्तराच्या एंजिनांत दाबमापक इतके भिन्न आकडे का दाखवितो, याचे उत्तर यात आहे. सर्व स्पार्क प्लग काढून व कार्ब्युरेटरची पाकळी पूर्ण उघडी ठेवून घेतलेला हा दाब गणनेचा उत्तम ताळा होय.

आरंभीचा दाब वातावरणाचा असल्यामुळे उंचीचाही परिणाम होतो. कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर हे शहर समुद्रसपाटीपासून सु. १,६०० मी. उंचीवर असून तेथील वातावरणीय दाब समुद्रसपाटीपेक्षा सु. १८ टक्क्यांनी कमी असतो. म्हणून गतिक गुणोत्तर तेच असले, तरी तेथे इंधनावरील ताण कमी पडतो. रॉकी पर्वताच्या प्रदेशात कमी ऑक्टेन अंकाचे पेट्रोल विकले जाते, त्याचे हेच कारण होय.

इंधनाने घातलेली मर्यादा : ठिणगीने पेटलेली ज्योत कक्षभर पसरत असताना तिच्यापुढील न जळलेले मिश्रण दबले जाते व तापते. ज्योत पोहोचण्यापूर्वीच ते आपोआप पेटले, तर दाबाच्या तीव्र लहरी उठून धातूवर हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. यास ठोका वा व्यवहारात नॉकिंग म्हणतात. ठोका चालू राहिल्यास दट्ट्याच्या कड्यांमधील भाग तुटतो, गॅस्केट जळते व शेवटी दट्ट्याच्या माथ्यास भोक पडते. इंधनाची ठोका रोखण्याची क्षमता ऑक्टेन अंकाने दर्शवितात. थॉमस मिजली यांना १९२१ मध्ये टेट्राएथिल लेडचा ठोकारोधक गुण आढळला. त्यामुळे पुढील पन्नास वर्षांत संपीडन गुणोत्तरे सतत वाढत गेली. प्रदूषण-नियंत्रणासाठी शिसे कमी करण्याचे धोरण आल्यावर ही वाढ थांबली. जनरल मोटर्सने १९७१ च्या नमुन्यांपासून आपल्या एंजिनांची गुणोत्तरे एकदम उतरविली. उदा., कॉर्व्हेट मोटारगाडीतील एलटी-१ या एंजिनाचे गुणोत्तर १९७० मध्ये ११ व जाहीर शक्ती ३७० अश्वशक्ती होती. १९७१ मध्ये ती अनुक्रमे ९ व ३३० झाली.

या बदलानंतरच्या नीच गुणोत्तराच्या एंजिनांवर जुन्या शर्यतीच्या गाड्यांचे कॅम दंड चढविण्याचा मोह अनेकांना झाला. वरील उदाहरणातील एंजिनाचे स्थितिक गुणोत्तर ८·५ असते, तर शेषघनफळ ९५·६ घ. सेंमी. भरते. त्यावर ३०८° चा दंड बसविल्यास गतिक गुणोत्तर अवघे ५·९७ येते. असे एंजिन चौकातून निघताना अडखळते, मंद वेगात थरथरते व इंधन जास्त खाते. २४८° च्या साध्या दंडाने त्याच एंजिनाचे गुणोत्तर ७·५ राहते आणि रस्त्यावरील नित्याच्या वेगात ते अधिक जोमदार वाटते.

ओतीव लोखंडाचे शीर्ष आणि अमेरिकेतील पंपावरील उच्च प्रतीचे पेट्रोल यांसाठी सु. ८ ते ८·५ हे गतिक गुणोत्तर मर्यादा म्हणून एंजिन बांधणाऱ्यांत रूढ आहे. ॲल्युमिनियमाचे शीर्ष उष्णता लवकर वाहून नेत असल्याने त्यास किंचित अधिक गुणोत्तर चालते. हा अनुभवाने ठरलेला आडाखा आहे, निसर्गनियम नव्हे. तो दुसऱ्या देशात वापरताना ऑक्टेन अंकाच्या मापनपद्धतीतील भेद ध्यानात घ्यावा लागतो. अमेरिकेतील पंपावर लिहिलेला अंक हा संशोधन पद्धत व मोटर पद्धत यांनी काढलेल्या दोन अंकांची सरासरी असतो. भारतात व यूरोपात केवळ संशोधन पद्धतीचा अंक सांगतात व तो सरासरीपेक्षा साधारणपणे ४ ते ५ ने जास्त असतो. २०२० पासून भारतभर लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकात साध्या पेट्रोलसाठी संशोधन पद्धतीने किमान ९१ अंक विहित केला गेला. हा अंक अमेरिकी पंपावरील ९१ शी तुल्य नसून तेथील ८७ या साध्या पेट्रोलच्या जवळचा आहे. अमेरिकी पुस्तकातील ८·५ ही मर्यादा अशा पेट्रोलवर जशीच्या तशी लावल्यास ठोका पडण्याचा धोका असतो. एथॅनॉल व मिथेनॉल यांची ठोकारोधक क्षमता जास्त असून बाष्पीभवनाच्या वेळी ती मिश्रणास अधिक थंड करतात. म्हणून त्यांवर अधिक गुणोत्तर चालते.

कॅम दंडाची निवड : निवडीचा आरंभ वाहनाच्या उपयोगापासून होतो. एंजिन बहुतेक काळ कोणत्या वेगमर्यादेत चालणार, वाहनाचे वजन व दंतचक्रांची गुणोत्तरे काय आणि इंधन कोणते मिळणार, हे आधी निश्चित करतात. त्यावरून उघडा काल व उचल यांची श्रेणी ठरते. नंतर शेषघनफळ मोजून संभाव्य दंडांपैकी प्रत्येकाचे गतिक गुणोत्तर काढतात. ते इंधनाच्या मर्यादेपेक्षा वर गेल्यास उशिरा मिटणारा दंड, मोठा ज्वलनकक्ष किंवा खोलगट माथ्याचे दट्ट्ये हे उपाय असतात. जाड गॅस्केट घालणे हा उपाय सोपा दिसतो. परंतु त्यामुळे दट्ट्याचा सपाट भाग व शीर्ष यांमधील फट वाढते. ही फट सु. १ मिमी. ठेवल्यास तेथील मिश्रण वेगाने बाहेर फेकले जाऊन खळबळ वाढते, ज्योत लवकर पसरते व ठोक्यास आळा बसतो. फट वाढविल्यास गुणोत्तर उतरूनही ठोका कायम राहतो, असा अनुभव येतो. उदाहरणातील फट १·२५ मिमी. असून ती याहून वाढविणे इष्ट नाही.

गुणोत्तर फार कमी येत असल्यास लवकर मिटणारा दंड निवडणे किंवा शीर्षाचा पृष्ठभाग घासून ज्वलनकक्ष लहान करणे हे पर्याय असतात. शीर्ष घासल्यावर व दंड पुढे सरकविल्यावर झडप व दट्ट्या यांमधील अंतर पुन्हा तपासणे आवश्यक असते.

गतिक गुणोत्तर साधले म्हणजे निवड पूर्ण झाली असे नाही. प्रवेश व निष्कास या दोन्ही झडपा एकाच वेळी उघड्या असण्याचा काल, म्हणजे अधिव्यापन, या गुणोत्तरात मुळीच दिसत नाही. दोन्ही कॅमच्या मध्यांतील कोन ११०° धरल्यास २६८° च्या दंडाचे अधिव्यापन ४८° व ३०८° च्या दंडाचे ८८° होते. अधिक अधिव्यापनाने मंद वेगात जळालेले वायू प्रवेशनळीत शिरतात, निर्वात कमी पडतो व निर्वातावर चालणारे गतिरोधक साहाय्यक यंत्र दुर्बल होते. म्हणून १२ गुणोत्तर व ३०८° चा दंड यांची जोडी गणिताने जुळली, तरी ती शर्यतीच्या गाडीस योग्य आणि शहरातील वाहतुकीस अयोग्य असते.

संकल्पनेच्या मर्यादा : गतिक हे नाव काहीसे दिशाभूल करणारे आहे. या गुणोत्तरात एंजिनाचा वेग, वायूचे निरूढी-बल वा दाबलहरी यांचा अंतर्भाव नसतो. झडप मिटताना सिलिंडरातील दाब वातावरणाइतका असतो, असे त्यात गृहीत धरलेले असते. हे गृहीत मंद व मध्यम वेगास बऱ्याच अंशी लागू पडते. उच्च वेगास, योग्य लांबीच्या नळ्यांमुळे सिलिंडर धावघनफळापेक्षाही अधिक भरू शकतो आणि खरे संपीडन गणनेहून जास्त होते. तथापि त्या वेगास मिश्रण आपोआप पेटण्यास वेळही कमी मिळतो. त्यामुळे ठोक्याचा धोका बहुधा कमाल परिबलाच्या वेगाच्या आसपास व त्याखाली, पूर्ण भार असताना सर्वांत जास्त असतो. ठिणगीची वेळ, मिश्रणाचे प्रमाण, आत येणाऱ्या हवेचे व शीतक पाण्याचे तापमान आणि कक्षाचा आकार यांवरही ठोका अवलंबून असतो. दाबभरण यंत्र बसविलेल्या एंजिनात आरंभीचा दाबच वाढलेला असल्याने केवळ गुणोत्तर पाहून निर्णय घेता येत नाही. सारांश, हा अंक परिचित एंजिनांची परस्परांशी तुलना करण्यास विश्वसनीय, परंतु सर्वस्वी नव्या रचनेची वर्तणूक सांगण्यास अपुरा आहे.

इतर उपयोग : संपीडन आखूड झाले, तरी शक्तिधावेत वायू प्रसरण पावतो तो जवळजवळ संपूर्ण धावेत, म्हणजे प्रसरण गुणोत्तर हे स्थितिक गुणोत्तराच्या जवळपास राहते. औष्णिक कार्यक्षमता वाढविण्यास हा भेद उपयोगी पडतो. जेम्स ॲटकिन्सन यांनी १८८० च्या दशकात दांड्यांच्या विशेष रचनेने संपीडनापेक्षा प्रसरण लांब असलेली एंजिने तयार केली. रॅल्फ मिलर यांनी १९५० च्या दशकात झडपेच्या वेळेवरून तोच परिणाम साधण्याची एकस्वे घेतली. १९९७ मध्ये जपानमध्ये विक्रीस आलेल्या टोयोटा प्रिअस या संकरित मोटारगाडीच्या एंजिनात सु. १३ प्रसरण गुणोत्तर व मुद्दाम फार उशिरा मिटणारी प्रवेश झडप यांची योजना केलेली होती. तेथे मंद वेगातील परिबलाची उणीव विद्युत् चलित्र भरून काढते. ज्या उणिवेमुळे शर्यतप्रेमीचे एंजिन फसते, तीच येथे इंधन बचतीचे साधन ठरली.

आल्फा रोमिओ कंपनीने १९८० मध्ये झडपांची वेळ चालू एंजिनात बदलण्याची यंत्रणा उत्पादनात आणली व होंडा कंपनीने १९८९ मध्ये दोन निराळ्या आकारांच्या कॅममध्ये अदलाबदल करणारी रचना आणली. अशा एंजिनांत गतिक गुणोत्तर हा एकच स्थिर अंक राहत नाही. वेग व भार यांनुसार तो बदलत जातो. निसान कंपनीने २०१८ मध्ये प्रचारात आणलेल्या एंजिनात दांड्यांच्या रचनेने स्थितिक गुणोत्तरच ८ ते १४ या मर्यादेत बदलता येते. अशा यंत्रणा नसलेल्या एंजिनात मात्र कॅम दंड एकदा बसविला की, मंद व उच्च वेग यांमधील तडजोड कायमची ठरून जाते. म्हणून तेथे शेषघनफळ व झडप मिटण्याचा कोन यांचा विचार दंड विकत घेण्यापूर्वी व एकत्रितपणे करणे, हाच या गणनेचा खरा हेतू होय.